तीन डॉक्टर, एक गाठ

६ फेब्रुवारी

आज दुपारी एक बॅग आणि एक वळकटी घेऊन धाकट्या भावाच्या घरी दाखल झाले. मला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणजे बोलावलं होतं, पण मी त्याआधीच निघायचं ठरवलं होतं, तेव्हा ते बोलावणं धरायचं नाही.

परवा त्याचा फोन आला. "ताई, छातीच्या फोटोत काहीतरी निघालंय," एवढं म्हणाला आणि थांबला. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली आहेत मी. माणूस बोलतो त्यापेक्षा थांबतो त्यात जास्त असतं, हे मला कोणी शिकवायला नको. म्हटलं, येते. तर म्हणाला, हीसुद्धा तेच म्हणत होती, ताईंना बोलावून घ्या, त्यांनी तिकडे एकट्याने हे ऐकत बसू नये. भावजयीला स्वतःला झेपणार नाही म्हणून माझ्या नावावर खपवलं, दुसरं काय.

हा माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. नऊ वर्षांचा होता तेव्हा आई आणि बाबा वर्षभराच्या अंतराने गेले आणि तो माझ्या पदरात आला. घरातलं प्रत्येक घड्याळ, प्रत्येक कुलूप उघडून बसायचा, म्हणून मी त्याला खुडबुड्या म्हणते. आता बावन्न वर्षांचा आहे, लिफ्ट दुरुस्त करतो, पण खुडबुड्या तो खुडबुड्याच. राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार.

आल्या आल्या त्याने कंपनीची एक कोरी नोंदवही माझ्या हातात दिली. तारीख, बिघाड, उपाय, सही असे रकाने छापलेले. म्हणाला, रोजचं लिहून ठेव ताई, डॉक्टर विचारतात आणि माझ्या काही लक्षात राहत नाही. मी नसते तर याने काय केलं असतं, देव जाणे.

९ फेब्रुवारी

भावजय चष्म्याच्या दुकानात काम करते. मागच्या खोलीत यंत्रावर बसून नंबराप्रमाणे काचा घासते. मुळात कमी बोलते. नवऱ्याच्या छातीत गाठ निघाली तरी हिची सकाळी साडेआठची वेळ काही चुकली नाही. मी सुचवलं की थोडे दिवस रजा घे. तर म्हणाली, "रजा पुढे लागेल, ताई." सपाट आवाज, ना वर ना खाली. अशा आवाजाच्या माणसांना आतून फारसं काही होत नाही, हा माझा अनुभव आहे.

११ फेब्रुवारी

आज तिघा डॉक्टरांसमोर बसलो. एका गाठीला तीन डॉक्टर. तीन स्वयंपाकी असले की एकाच भांड्यात तीनदा मीठ पडतं. एक औषधाच्या डॉक्टरीणबाई, वयाने माझ्या निम्म्या. एक किरणवाले, सतत चष्मा पुसणारे. आणि एक सर्जन, ज्यांच्या पोटाकडे बघून वाटत नव्हतं की हे चार तास उभे राहू शकतील.

डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या कप्प्यात लिंबाएवढी गाठ आहे. कॅन्सरच आहे, तुकडा तपासून झालाय. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत एक ग्रंथी आहे, तिथेही पोचलाय. पण मेंदू, यकृत, हाडं साफ आहेत. "शेजारच्या घरात शिरलाय, गाव सोडून गेलेला नाही," असं त्या म्हणाल्या. म्हणून एकट्यादुकट्या उपायाने भागायचं नाही. दर सोमवारी सलाईनमधून औषध, सोमवार ते शुक्रवार रोज किरण, असं पाच आठवडे बरोबरीने. मग महिनाभर विश्रांती, पुन्हा फोटो. गाठ आटली आणि ती मधली ग्रंथी साफ झाली, तर सर्जन वरचा कप्पा काढतील.

मी विचारलं, घरात साप दिसतोय तर उद्याच काठी का घालत नाही, पाच आठवडे धूर कशाला करत बसायचा?

सर्जन म्हणाले, "एकच साप असता तर उद्याच काढला असता. पिल्लं कुठे गेलीत ते दिसत नाहीये. म्हणून आधी धूर."

खुडबुड्याला एकदम उजेड पडला. म्हणाला, म्हणजे आधी लिफ्टच्या पाळण्यातला भार उतरवायचा आणि मगच दोराला हात लावायचा. सर्जन म्हणाले, अगदी तसंच. मग दोघं दहा मिनिटं लिफ्टच्या दोरांवर बोलत बसले. मी ताटकळत. भावजय एका कागदावर बारीक अक्षरात सगळं टिपून घेत होती. नोंदवही माझ्याकडे असताना हिला वेगळं टिपण कशाला हवं?

१७ फेब्रुवारी

पहिला दिवस. त्याच्या छातीवर शाईने तीन बारीक ठिपके गोंदले आहेत, यंत्राचा नेम रोज तिथेच बसावा म्हणून. किरण म्हणजे काहीतरी भयंकर असेल असं वाटलं होतं. तो आत गेला, जड दार बंद झालं, मी मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली तोवर बाहेर आला. म्हणाला, काही कळलंसुद्धा नाही, फक्त यंत्राची मोटर फार छान चालते.

सलाईनला मात्र साडेचार तास लागले. लांबलचक खोली, दहा खुर्च्या, दहा बाटल्या. मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्याला म्हणे अक्षरं नाचल्यासारखी दिसत होती. मी छोट्या जाहिरातींसकट सगळं वाचलं. साडेचार तास कसे गेले कळलं नाही. त्याला तेवढाच विरंगुळा.

२० फेब्रुवारी

मला एक जबाबदारीचं काम मिळालं आहे. किरणांचं यंत्र कधी कधी बंद पडतं, मग लोकांना हेलपाटा होतो. म्हणून रोज सकाळी आठला मी तिथे फोन करून विचारायचं की यंत्र सुरू आहे ना आणि आपला नंबर कितीला. फोन उचलणारा माणूस अदबीने बोलतो. आज म्हणाला, ताई, तुमच्याच फोनची वाट बघत होतो. मी म्हटलं, बाकीचे करत नाहीत का? तर म्हणाला, नाही, बाकीच्यांना मेसेज जातो.

मेसेज भावजयीच्याही फोनवर येतो असं दिसतं, कारण तिला वेळ आधीच माहीत असते. पण यंत्राच्या मेसेजवर विसंबून राहणं वेगळं आणि माणसाशी बोलून खात्री करणं वेगळं.

२७ फेब्रुवारी

मळमळ आहे, पण उलटी एकदाच. वजन दीड किलोने कमी. केस उशीवर सापडायला लागले. तो म्हणतो, बरं झालं, यंत्राच्या खोलीत ग्रीसमध्ये केस अडकायचे नाहीत.

त्याला एकट्याने गोळ्या घ्यायचा कंटाळा येतो. म्हणून आता न्याहारीनंतर तो त्याच्या घेतो आणि मी माझी ब्लडप्रेशरची घेते, दोघं समोरासमोर. माझी गोळी मी तशी आठवणीने घेतेच, फार तर आठवड्यातून दोनतीनदा राहते. पण आजाऱ्याचं मन मोडू नये. संध्याकाळी त्याला चालायला सांगितलंय, तर एकट्याला नको वाटतं म्हणतो. त्यामुळे मलाही रोज गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या. माझे गुडघे सुरुवातीला कुरकुरले. आता गप्प आहेत.

५ मार्च

गिळताना दुखतं. किरणांचा मारा अन्ननलिकेवरून जातो, त्यामुळे आतून भाजल्यासारखं होतं, असं किरणवाल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ऐकून ठेवणं वेगळं आणि समोर बसून बघणं वेगळं. पाण्याचा घोट घेतला की त्याची मान आखडते. बटाट्याचं पातळ सूप गार करून चमच्याने दिलं. अर्धी वाटी गेलं. मी म्हटलं, अजून दोन चमचे. त्याने घेतले. घेताना माझ्याकडे बघून हसला, आणि ते हसू मला नऊ वर्षांच्या पोराचं दिसलं. मी वाटी धुवायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ वाटी धूत बसले.

१० मार्च

आज औषध दिलं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या, शिवाय अंगात ताप. तीन दिवस किरणही बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, थोडं थांबू आणि पुढे जाऊ. पण मला 'थांबू' हा शब्दच सहन होत नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. तो सोळाव्या वर्षी विड्या ओढायला लागला हे मला माहीत होतं. मी दोन दोन पाळ्या करायचे, दमून यायचे, त्याच्या शर्टाला वास यायचा, आणि मी नाक दुसरीकडे वळवायचे. एवढ्यासाठी भांडायची ताकद नव्हती. वाटायचं, बिनआईबापाचं पोर आहे, एवढं तरी असू दे. मग विडीची सिगरेट झाली, तीस वर्षं चालली. सुटली ती यंदा जानेवारीत, छातीचा फोटो हातात पडल्यावर. त्याच्या गाठीला आज तीन डॉक्टर आहेत. सोळाव्या वर्षी माझी एक थप्पड पुरली असती.

दुपारी हे त्याला बोलून दाखवलं. तो अंथरुणात पडूनच म्हणाला, "ताई, तू थप्पड मारली असतीस तर मी दोन ओढल्या असत्या. एक माझी, एक तुझ्या नावाची." मग खोकला आला म्हणून बोलणं तिथेच राहिलं.

१४ मार्च

ताप उतरला, पेशी वर आल्या. किरण काल पुन्हा सुरू.

भावजयीच्या दुकानातली एक बाई भाजीवाल्याकडे भेटली. सांगत होती की तुमच्या भावजयीने वीस वर्षांत एक काच फोडली नाही आणि या महिन्यात तीन फोडल्या. मी घरी येऊन तिला म्हटलं, कामात लक्ष ठेवावं, माणसाचं नाव व्हायला वीस वर्षं लागतात आणि जायला महिना. ती "हो ताई" म्हणाली आणि कणीक मळत राहिली. खुडबुड्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काच फोडली. आजारपणात माणूस चिडचिडा होतो.

२६ मार्च

पंचवीस झाले. शेवटचा किरण आज सकाळी साडेदहाला. रोज माझा फोन उचलणाऱ्या यंत्रावरच्या माणसाने त्याच्याशी हात मिळवला आणि माझ्याशीही. म्हणाला, ताई, उद्या आठला फोन वाजणार नाही, चुकल्यासारखं होईल. मी म्हटलं, ज्यांचं अजून चालू आहे त्यांची चौकशी करायला मी करीन की. तो हसला, पण माझी थट्टा करायचा हेतू नव्हता.

घरी येऊन खुडबुड्या साडेचार तास झोपला. भावजयही आज अर्ध्या दिवसाने आली आणि त्याच्या पलंगाशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. भर दुपारी घरात तीनपैकी दोन माणसं झोपलेली. मी पंखा थोडा हळू केला.

१२ एप्रिल

आज त्याने दोन उकडलेली अंडी, ब्रेड आणि अख्खं केळं खाल्लं, आणि वर विचारलं की अजून काय आहे. इतका आनंद मला माझ्या पेन्शनीच्या पहिल्या पत्राचाही झाला नव्हता.

२५ एप्रिल

फोटो आला. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावून दाखवला. लिंबाचा शेंगदाणा झालाय. मला तेवढं कळत नाही, पण जिथे पांढरा गोळा होता तिथे आता बारीकसा डाग आहे, हे आंधळ्यालाही दिसेल. किरणवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. भावजय एकटक बघत होती. मग तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि मला दिली. मला तहान लागली होती, पण हिला कसं कळलं?

५ मे

घशातून नळी घालून त्या मधल्या ग्रंथीतलं सुईने काढून तपासलं होतं, त्याचा निकाल आला. ग्रंथी साफ. एकही वाईट पेशी सापडली नाही. आता चेंडू सर्जनच्या अंगणात.

७ मे

सर्जननी आज त्याला नळीत फुंकायला लावलं. आकडे ठीकठाक आले. मग कोट खुर्चीला अडकवला आणि म्हणाले, चला, जिना चढू. मला वाटलं गंमत करतायत. पण ही त्यांची परीक्षा आहे म्हणे. जो माणूस न थांबता तीन मजले चढतो, त्याला कप्पा काढलेला झेपतो.

आता हा तीस वर्षं फक्त तिथेच जातोय जिथे लिफ्ट बंद पडलेली असते. म्हणजे तीस वर्षं जिनेच चढतोय. सावकाश निघाला, कठड्याला हात न लावता. मागून सर्जन, मागून मी, मागून भावजय. तिसऱ्या मजल्यावर सर्जन कठड्याला टेकले आणि त्याला लिफ्टबद्दल काहीतरी विचारायला लागले. मला धापेचा आवाज बरोबर ओळखू येतो, आणि तो खुडबुड्याचा नव्हता. हा म्हणाला, तुमच्या दवाखान्याच्या लिफ्टचं ब्रेकचं पॅड झिजलंय, आवाजावरून कळतं. आणि चौथा मजलाही चढला.

खाली आल्यावर त्याने सर्जनशी एकट्याने दहा मिनिटं बोलायची इच्छा दाखवली. भावजय मला चहाला घेऊन गेली. मला चहा नको होता, पण तिने दोन सांगून टाकले होते.

९ मे

आज संध्याकाळचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

गॅलरीत दोघंच बसलो होतो. भावजय अजून दुकानातून यायची होती. तो म्हणाला, सर्जननी काही लपवलेलं नाही. आता कापायला हीच वेळ आहे, गाठ आटलीये, ग्रंथी साफ आहे, उशीर केला तर किरणांनी आतलं सगळं कडक होत जाईल. वरचा कप्पा काढला तर माणूस पुढे व्यवस्थित जगतो. पण आत गेल्यावर गाठ श्वासनळीच्या तोंडाशी घट्ट चिकटलेली निघाली, तर उजवं फुप्फुस अख्खं काढावं लागेल, आणि त्या ऑपरेशनमधून सगळेच उठत नाहीत. न कापता नुसत्या औषधा-किरणांवर पुढे जायचाही एक रस्ता आहे. कित्येक जण तोच धरतात.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तू सांग. काय करू?"

याची शाळा मी ठरवली. कारखान्यात शिकाऊ म्हणून मी चिकटवला. भावजयीला पहिल्यांदा बघून आलो तेव्हा हा तीन दिवस कुंथत होता, तेव्हा "हो म्हण" असं मीच सांगितलं. आयुष्यभर मी त्याला सांगत आलेय आणि तो विचारत आलाय. आणि आज तोंडातून शब्द फुटेना. एक्स्चेंजमध्ये एकदा आग लागली होती, तेव्हा सगळ्या लाइनी एकाच क्षणी मुक्या झाल्या होत्या. तसं झालं.

"मला नाही माहीत रे," मी म्हणाले. "मला एवढं कळत नाही. मला तू हवास, एवढंच कळतं."

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्याने मान हलवली आणि म्हणाला, "मग करून टाकू."

११ मे

दोन दिवस घास उतरत नाही. त्याला काही झालं तर ते माझ्या शब्दावर झालं. मी 'नको' म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं. मी 'कर' असंही म्हणाले नव्हते, पण त्याने माझ्या तोंडाकडे बघून तोच अर्थ काढला.

शेवटी त्याला बोलले. तो म्हणाला, ताई, मी माझं आधीच ठरवलं होतं, मला फक्त तुझ्याशी बोलायचं होतं. मोठ्या मनाचा आहे. मला टोचू नये म्हणून असं सांगतो. लहानपणीसुद्धा काचेचं भांडं माझ्या हातून फुटलं तरी नाव स्वतःचं सांगायचा.

१३ मे

दाखल केलं. पाचव्या मजल्यावर खिडकीजवळची खाट. भावजयीची रजा आजपासून सुरू, पूर्ण सहा आठवडे. इतकी साठवलेली रजा हिच्याकडे होती तर!

परिचारिका कागद तपासत होती तेव्हा मीही डोकावले. ऑपरेशनला संमती आहे म्हणून जो फॉर्म असतो, त्यावर त्याची सही होती आणि तारीख ७ मे. मी लगेच नजरेस आणून दिलं की तारीख चुकली आहे, आमचा निर्णय ९ तारखेला संध्याकाळी झाला. परिचारिका गोंधळून भावजयीकडे बघायला लागली. भावजय म्हणाली, राहू द्या ताई, एवढ्याने काही बिघडत नाही. दवाखान्याचे कारकून असेच. आमच्या वेळी एका आकड्याची चूक झाली तर जाब द्यावा लागायचा.

१४ मे

सकाळी साडेसातला आत नेलं. ढकलगाडीवरून जाताना तो मला म्हणाला, "ताई, तू हिच्याजवळ बस. ती घाबरलीये." भावजयीला काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण तिनेही माझ्याकडे बघून मान डोलावली.

बाहेर पाच खुर्च्या आणि एक बंद पडलेलं घड्याळ. तो असता तर त्याने उघडून बसवलं असतं. नऊ वाजता काही नाही. दहाला काही नाही. साडेदहाला आतून एक डॉक्टर आले, मास्क हनुवटीखाली. म्हणाले की गाठ कप्प्याच्या नळीच्या तोंडापर्यंत आलेली दिसतेय. तिथली कड कापून तपासायला पाठवलीये, अर्ध्या तासात कळेल. कड साफ असली तर एवढ्यावर निभावेल. नसली तर पूर्ण काढायला लागेल.

त्या अर्ध्या तासाचं मला लिहिता येत नाही. एवढंच आठवतं की भावजयीचा हात गार पडला होता म्हणून मी तो धरून ठेवला. जास्त गार तिचा होता की माझा, कोण जाणे. ती हळूहळू बोलत होती, काय तर त्या सर्जनच्या चष्म्याला कसली काच आहे, तिला उजेडात कशी झाक येते, हे. एका दमात इतकं ती बोललेली मी चोवीस वर्षांत ऐकलं नव्हतं. भीतीने माणसं बडबडतात. मी तिला बोलू दिलं, आणि ऐकताना माझा श्वास जरा जागेवर आला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी निरोप आला. कड साफ. वरचा कप्पाच काढतायत, बाकीचं फुप्फुस राहतंय.

भावजयीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि माझ्या पदराने डोळे पुसले. स्वतःचा रुमाल हातात असताना. मी काही म्हणाले नाही. पदर काय, धुता येतो.

१७ मे

बरगड्यांमधून एक नळी बाहेर काढून ती बाटलीतल्या पाण्यात सोडली आहे. खोकला की पाण्यात बुडबुडे येतात. म्हणजे फुप्फुसातून अजून हवा गळते. डॉक्टर म्हणतात, बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. हा पडल्या पडल्या बाटलीवर नजर लावून असतो. सकाळी सात बुडबुडे, दुपारी पाच. दुखतं का विचारलं तर म्हणतो, दुखतं, पण गळती कमी होतेय. आपल्याच छातीची देखभाल असा मन लावून करणारा माणूस मी पाहिला नाही.

२० मे

कालपासून एकही बुडबुडा नाही. आज नळी काढली. काढताना एकदाच "आई गं" म्हणाला. चाळीसहून जास्त वर्षांत पहिल्यांदा.

२३ मे

काढलेल्या कप्प्याची तपासणी आली. तिन्ही डॉक्टर पुन्हा एका खोलीत, तेच टेबल. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि आम्हाला समजेल असा सांगितला. जिथे गाठ होती तिथे आता मेलेल्या पेशी आणि जखमेचा व्रण. जिवंत असं काही सापडलं नाही. अकरा ग्रंथी काढल्या होत्या, अकराही साफ. "आम्हालासुद्धा असा कागद रोज वाचायला मिळत नाही," असं त्या म्हणाल्या. सर्जन म्हणाले की धुरानेच काम झालं होतं, आम्ही रिकामं बीळ काढलं.

त्यानंतर मला जरा गरगरलं. खोलीत हवा खेळती नव्हती. डोळे उघडले तेव्हा मी तपासणीच्या पलंगावर होते, पाय उशीवर, आणि तिन्ही डॉक्टर माझ्याभोवती. एक ब्लडप्रेशर बघतायत, एक नाडी धरून, आणि किरणवाले माझाच चष्मा पुसतायत. खुडबुड्या, नऊ दिवसांपूर्वी छाती उघडलेला माणूस, माझ्या डोक्याशी उभा. मी त्याला आधी खाली बस म्हणून सांगितलं. तो बसला, मग भावजय रडायला लागली, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मी पडल्या पडल्या तिला समजावलं की अगं, झालं सगळं, आता कशाला. तीन महिन्यांत रडली नाही आणि आनंदाच्या दिवशी बांध फुटला. काही माणसांना उशिराच कळतं.

८ जून

आज तो जिना एका दमात चढला. वर येऊन कठड्याला टेकला, धाप लागली होती, पण चेहरा खुललेला. पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस कामावर जायची परवानगी मिळाली आहे, वजन उचलायचं नाही या अटीवर. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की निकाल उत्तम असला तरी नजर ठेवायची. आधी दर तीन महिन्यांनी फोटो, मग सहा महिन्यांनी, अशी पाच वर्षं.

जेवताना मी विषय काढला की माझं इथलं काम संपलं, पुढच्या रविवारी निघते. खुडबुड्याने भावजयीकडे बघितलं, भावजयीने पाण्याच्या तांब्याकडे.

मग ती म्हणाली, "ताई, पाच वर्षांचं आहे हे. आम्हा दोघांच्याने नाही होणार."

तोच सपाट आवाज, पण शेवटच्या शब्दाला जरासा फाटला. बरोबर ऐकलं मी. एवढी चौतीस वर्षं काही उगाच नाही गेली.

तेव्हा तिकडच्या शेजारणीला फोन करून सांगितलं की झाडांना पाणी घाल, आणि जमलं तर ती झाडं तुझ्याच गॅलरीत नेऊन ठेव. तिने विचारलं, कधी येणार? म्हटलं, पाच वर्षं तरी काही सांगता येत नाही. माझा निरुपाय आहे. या दोघांचं माझ्याशिवाय होत नाही.